महामार्ग आणि वस्ती



लष्कर हे नावच छावणीचे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला आणि तंबूंच्या जागी पुढे वाडे व पेठा उभ्या राहिल्या. दाना ओलीसारख्या वस्तीत रस्ता माणसाच्या पावलाने मापला गेला. घर, दुकान व देऊळ त्याच्या काठी एकत्र नांदले.

आग्रा-मुंबई मार्गावरील दूरची वाहतूक वाढली, तेव्हा ग्वाल्हेरला बाह्यवळण करावे लागले. परंतु केवळ बाह्यवळणाने प्रश्न मिटत नाही. त्याच्या कडेच्या जमिनीचे भाव चढतात, ढाबे व गोदामे येतात, मागोमाग घरे येतात आणि महामार्ग पुन्हा वस्तीच्या मध्यात सापडतो.

५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झालेला ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग दुसरी बाजू दाखवितो. तेथे ठराविक ठिकाणीच प्रवेश असल्याने वेग साधतो. मात्र ज्याचे घर एका अंगास व शेत दुसऱ्या अंगास, त्याचा दिवस जवळच्या भुयारी वाटेवर अवलंबून राहतो.

म्हणून रस्त्याचा व जमीनवापराचा आराखडा एकत्र सिद्ध व्हावा, आणि त्यात शाळा, शेत व स्मशान यांच्या वाटा प्रथम आखल्या जाव्यात. त्या नंतर जोडू म्हटले, तर बहुधा जागाच उरत नाही.