फडाचा न्याय आणि आपण

(देवळाली कॅम्प येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपण जमलो आहोत त्या देवळालीजवळून दारणा वाहते. तिच्यावरचे धरण इंग्रज सरकारने बांधले. पाणी सरकारचे, वाटपही सरकारचे. शेतकरी केवळ अर्जदार. पण याच जिल्ह्याच्या उत्तरेस, मोसम, आरम आणि गिरणेच्या काठी, त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरी रीत चालत आली होती. तिचे नाव फडपद्धत.

नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकेका खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे पाणी तुटले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी झळ सर्वांना वाटून बसे. पाणी पाटकरी देई. कोणी आपल्या हाताने वळवून घेत नसे.

परंपरेचे नाव काढताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ते अकारण नाही. परंपरेच्या नावावर जातिव्यवस्थाही खपवली जाते. फडातही पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाणी नाही.

ही उणीव १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ओळखली. पुरंदर तालुक्यात नायगावच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले. भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला मज्जाव केला. जुन्या सामुदायिक शिस्तीत समता आली ती अशी.

आपल्या जिल्ह्यातही ओझर येथे साथी बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. संस्थेला पाणी मोजून मिळू लागले, वाटप तिच्याकडे आले. म्हणजे फडाचा न्याय कायद्यात आला. नायगावचा मात्र बाहेरच राहिला. शेतीच्या पाण्याचा हक्क आजही जमीनधारकापाशीच थांबतो.

राष्ट्राची उभारणी परंपरेतून करू म्हणणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे, की कोणत्या परंपरेतून? वाटून घेण्याच्या, की वगळण्याच्या? आणि विचारून थांबू नये. आपापल्या गावच्या पाणीवापर संस्थेच्या सभेत जावे, पाण्याचा हिशेब मागावा आणि भूमिहीनाच्या वाट्याचा ठराव मांडावा. पहिल्या सभेत तो फेटाळला जाईल. दुसऱ्या सभेत तो पुन्हा मांडावा.