गाडीवर किती खर्च करायचा? आधी दिवस मोजा

 

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सध्या चालू असेल. पहिली गाडी घ्यायची आहे, पगार बरा आहे, बँकेचा मेसेजही येऊन पडलाय की तुमचं अमुक लाखांचं कर्ज मंजूर आहे. प्रश्न एकच उरतो. नक्की किती रुपयांची घ्यायची?

मी कॉटन ग्रीनला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाबा पोर्टातून रिटायर झालेत. गणपतीला कणकवलीला स्वतःच्या गाडीतून जायचं, हे त्यांचं जुनं स्वप्न. आईचे गुडघे दुखतात, रेल्वेचे जिने तिला नको होतात. आणि मला? खरं सांगू, मला ऑफिससाठी गाडी नकोच आहे. ऑफिस वाशीला, पनवेल लोकल पकडली की थेट. म्हणजे आमची गाडी रोज धावणार नाही, बहुतेक दिवस उभीच राहणार. आणि दक्षिण-मध्य मुंबईत उभ्या गाडीलाही पैसे लागतात. आजचा सगळा हिशोब इथून सुरू होतो.

इंटरनेटवर तुम्हाला २०-४-१० चा नियम सापडेल. २० टक्के डाउन पेमेंट, ४ वर्षांचं कर्ज, आणि गाडीचा सगळा खर्च पगाराच्या १० टक्क्यांत. वाईट नाही. पण हा नियम तुमचा पगार बघतो, गाडी वर्षातून किती दिवस बाहेर पडणार हे विचारतच नाही.

म्हणून मी एक्सेल उघडलं. सवयच ती! आकडे आमच्या घरचे, अंदाजाने धरलेले. तुम्ही तुमचे टाका.

समजा नवीन पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम ८ लाख. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. विमा आणि बाकीचं किरकोळ धरून ऑन-रोड ९ लाख ४० हजार. २ लाख खिशातून, ७ लाख ४० हजार कर्ज. ९ टक्क्यांनी ५ वर्षांचा हप्ता येतो साधारण १५,४०० आणि व्याज जातं १ लाख ८२ हजार. सेल्समन म्हणेल, सर, ७ वर्षांचं करा ना, हप्ता १२ हजारांच्या आत येतो. येतो, खरंच येतो. पण व्याज २ लाख ६० हजारांवर जातं. हप्ता कमी झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असं नाही.

आता ५ वर्षांनी ती ४ लाखांना विकली असं धरू. व्याजासकट खर्च झाले ११ लाख २२ हजार, परत आले ४. म्हणजे वर्षाला साधारण १ लाख ४४ हजार नुसते झिजले. त्यात विमा सरासरी २० हजार, सर्व्हिसिंग १२ हजार, पार्किंग महिना ३ हजार म्हणजे ३६ हजार, पेट्रोल आणि टोल मिळून ३६ हजार. एकूण वर्षाला २ लाख ४८ हजार.

पार्किंगची गंमत बघा. ते गाडीची किंमत बघत नाही. ४ लाखांची असो की २० लाखांची, जागा तेवढीच. अभ्युदयनगरसारख्या म्हाडाच्या वसाहती किंवा आजूबाजूच्या चाळी उभ्या राहिल्या तेव्हा घरटी गाडी हा हिशोबच नव्हता. बाहेर रस्त्यावर गोदामांचे ट्रक, ट्रेलर. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते की पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. त्यामुळे आधी जागा, मग गाडी. जागेचं भाडं लिहून घेतल्याशिवाय शोरूमकडे फिरकूसुद्धा नका.

आता दिवस मोजू. गावच्या दोन फेऱ्या, जाऊन-येऊन प्रत्येकी साधारण ९०० किलोमीटर. आईच्या डॉक्टरकडे वर्षाला २४ खेपा. वीसेक रविवार. सगळे मिळून ६० दिवस. हेच सगळं टॅक्सीने आणि भाड्याच्या गाडीने केलं तर? डॉक्टरचे १२ हजार, गावाचे ५० हजार, रविवारचे ४० हजार. १ लाख २ हजार.

म्हणजे नवीन गाडी टॅक्सीपेक्षा वर्षाला जवळपास दीड लाखाने महाग. महिन्याला १२ हजार, निव्वळ सोयीचे.

आता कोणी म्हणेल, मग घेऊच नका. पण सोयीलाही किंमत असते मंडळी. रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर ॲप उघडून वाट बघत बसायचं नाही. गणपतीच्या तिकिटासाठी दोन महिने आधी सकाळी आठला मोबाइलशी झुंजायचं नाही. प्रश्न असा आहे की या सोयीचे महिन्याला किती देणार? हा आकडा शोरूममध्ये ठरत नाही, घरातल्या जेवणाच्या वेळी ठरतो. आमच्याकडे ठरला सहा-साडेसहा हजार. त्यावर एक रुपया नाही.

मग उलटं मोजत आलो. चार वर्षं वापरलेली गाडी, नावावर करण्याच्या खर्चासकट साडेचार लाख. २ लाख खिशातून, अडीच लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, १२ टक्के धरलं तरी ३ वर्षांचा हप्ता ८,३०० आणि एकूण व्याज पन्नासेक हजार. ५ वर्षांनी २ लाखांना विकली, तर झीज वर्षाला ६० हजार. विमा १२ हजार, दुरुस्ती मुद्दाम जास्त, ३० हजार. पार्किंग, पेट्रोल, टोल तेवढेच. एकूण १ लाख ७४ हजार. टॅक्सीपेक्षा महिन्याला ६ हजार जास्त. बसलं!

दोन्हीतला फरक वर्षाला ७४ हजार, ५ वर्षांत ३ लाख ७० हजार. आमच्या घराचा हा सहा महिन्यांहून जास्त खर्च आहे. आयटीत आज आहे ते उद्या असेलच असं कोण सांगणार? नोकरी गेली तर १५ हजारांचा हप्ता आणि ८ हजारांचा हप्ता यात झोपेचा फरक आहे.

बाबांना हे पटवणं एक्सेलपेक्षा अवघड. ‘पहिली गाडी, आणि ती पण दुसऱ्याची?’ हे वाक्य मी आठवडाभर ऐकलं. त्यांचं चुकीचंही नाही. ज्यांनी आयुष्यभर मन मारलं त्यांना नव्या सीटचा वास हवासा वाटणारच. मी त्यांना फरकाचा आकडा दाखवला आणि गप्प बसलो. दोन दिवसांनी ते म्हणाले, ‘इंजिन मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवणार.’ आमच्याकडे याला होकार म्हणतात.

जुनी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या. नवी स्वस्त झाली तर जुनीचाही भाव उतरायला हवा, घासाघीस करा. दोन, खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यातली किती उरलीत ते बघा. तीन, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. चार, ज्यांच्यासाठी गाडी घेताय त्यांना बसवून बघा. आईला उंच एसयूव्हीत चढता येईना आणि बुटक्या सेडानमधून उठता येईना. तिच्या गुडघ्यांनी आमची अर्धी यादी कापली.

आणि टोल? ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांना टोल नाही. आमच्या शेजारी शिवडीलाच अटल सेतू सुरू होतो. २१.८ किलोमीटर, कारला एकेरी २५० रुपये. घाई असेल तर सेतू, नसेल तर वाशीवरून फुकट. असे छोटे निर्णयही हिशोबात येतात.

तर मंडळी, बँक किती देते ते शेवटी बघा. आधी दिवस मोजा, मग जागा बघा, मग सोयीचा महिन्याचा आकडा ठरवा. गाडीची किंमत आपोआप खाली उतरून येते. तुमच्या घरचे दिवस किती भरतात? आज रात्री जेवताना मोजून बघा.