पट आणि निकाल

दहावीचा निकाल लागला की गावोगावी फ्लेक्स लागतात: ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. त्या फ्लेक्सशी माझं भांडण नाही. पण शंभर टक्के कुणाचे, हे विचारायला हवं.

मराठवाड्यात जिल्हा परिषदेची प्रशाला असते. राज्यात इतरत्र हायस्कुलं बहुतेक खासगी संस्थांची. इथे दहावीपर्यंतचे वर्गही जिल्हा परिषदेचे. समजा, दहावीचा पट २०. एक मुलगा गणितात गेला की निकाल ९५ वर येतो. तालुक्याच्या शाळेत ४०० मुलं बसली असतील, तर तिथे तोच एक मुलगा म्हणजे पाव टक्का. त्यामुळे लहान शाळा यंदा वर, पुढच्या वर्षी तळाला. सर तेच, फळाही तोच!

आणि हे वीसजण कोण? व्हॅनचे पैसे परवडतात त्यांची मुलं केव्हाच तालुक्याला गेली. उरली शेतमजुरांची, ऊसतोडवाल्यांची. शिवाय मुली, कारण खर्च एकावरच करायचा तर तो मुलावर होतो. बीडकडे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयत्याला जातात आणि परततात तोवर पोरीची बोर्डाची परीक्षा बहुधा उरकलेली असते. आजीजवळ राहिलेली ती पोर भाकऱ्या थापून, धाकट्यांचं आवरून पहिल्या तासाला धापा टाकत येते. तिचे ५५ टक्के कमी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने सहा लाखांवर मुलांची पाहणी करून दाखवलं की, गुणांतला फरक शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. मग मास्तरांनी काय करायचं, असं म्हणून काहींनी हात झटकले. ते मला मुळीच पटत नाही. पुढे २००२ साली तिथे गरीब, अल्पसंख्य, अपंग मुलांचे निकाल वेगळे दाखवण्याची सक्ती झाली. पण गट फार लहान असेल तर तो हिशेबाबाहेर! लहान शाळेतलं पोर तिथेही निसटलंच.

आपल्याकडे ते कुठे निसटतं? शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. जात, जन्मतारीख, दाखल दिनांक, आणि शेवटाकडे ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे सुबक अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्या विनंतीमागे कधी पोरीचं लग्न असतं, कधी १७ नंबरचा फॉर्म: नववीतलं कच्चं पोर बाहेरून बसवायचं, म्हणजे शाळेचा निकाल शाबूत. शिक्षणहक्क कायदा वयाच्या १४ वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंतच. नववीत कुणी गळालं तर जाब विचारणारं कोण?

माझी मागणी साधी आहे. फलकावर निकालाशेजारी दोन आकडे आणखी लिहा: हीच तुकडी आठवीत होती तेव्हा पट किती होता, आणि त्यातले परीक्षेला किती बसले. मुलं-मुली वेगवेगळे दाखवा. ही माहिती नव्याने गोळा करायची नाही. रजिस्टरात आहे, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवर भरलेली आहे. मुख्याध्यापकांना एक दुपार पुरेल.