मज्जारज्जूच्या कोशांतील परकें औषध

क्ष-किरणांच्या चित्रांत पाठीचे मणके स्वच्छ उमटतात. त्यांच्या पोकळींतून गेलेला मज्जारज्जु मात्र उमटत नाहीं. तो दिसावा म्हणून कंबरेंत सुई घालून रज्जूभोंवतालच्या द्रवांत क्ष-किरण अडविणारें द्रव्य सोडावें लागतें. एकदां आंत गेलेलें हें द्रव्य बाहेर कसें पडणार, हाच खरा प्रश्न आहे.

१९१९ सालीं अमेरिकेंतील शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनीं नुसती हवा वापरली. चित्र अंधुक आलें. पुढें फ्रान्समध्यें सिकार व फॉरेस्टिये यांनीं लिपिओडॉल आणलें. हें म्हणजे आयोडीनयुक्त खसखशीचें तेल! आपल्या स्वयंपाकघरांतील खसखस वैद्यकांत अशा आडवाटेनें शिरली. १९४४ मध्यें पँटोपेक आलें, तेंहि तेलच. तेल शरीरांत सहसा शोषलें जात नाहीं. म्हणून तपासणी संपतांच तें सुईनें परत ओढून घेण्याचा प्रघात पडला. तरी थेंब मागें राहत. कांहीं रोग्यांत कोशाचें अस्तर सुजून मज्जातंतूंच्या मुळ्या एकमेकींस चिकटत, आणि ज्या पाठदुखीसाठीं तपासणी केली तिच्याहून चिवट वेदना जन्माची सोबतीण होऊन बसे.

तोडगा सुचविला स्वीडनचे टॉर्स्टन आल्मेन यांनीं. द्रव्य पाण्यांत विरघळावें, पण त्याचे विद्युद्भारित कण होऊं नयेत, ही त्यांची कल्पना. तींतून निघालेल्या मेट्रिझामाइडनें डोकेदुखी, मळमळ, क्वचित् आंकडीहि येई. १९८० नंतर आयोहेक्सॉलसारखीं सौम्य औषधें आलीं. तीं रक्तांत शोषलीं जाऊन बहुतांशीं एका दिवसांत लघवीवाटें निघून जातात.

मग धोका संपला काय? नाहीं, तो आतां औषधांच्या कपाटांत आहे. केवळ शिरेंत टोचावयाचीं, विद्युद्भारित कणांचीं औषधेंहि दिसावयास तशींच पाण्यासारखीं असतात. त्यांतलें एखादें चुकून या कोशांत गेल्यास पायांपासून वर चढणारे झटके, बेशुद्धि आणि मृत्यूहि ओढवल्याचें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहे. बाटलीवरील नांव दोघांनीं मोठ्यानें वाचल्याशिवाय सुई उचलूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

चुंबकीय चित्रणामुळें हल्लीं ही सुई पुष्कळांची टळते, आणि तेथें बहुधा औषधहि लागत नाहीं. लागलेंच तर गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेंतून देतात. परंतु मूत्रपिंडें अगदीं अधू असलेल्यांची कातडी त्याच्या कांहीं प्रकारांनीं कठीण होते, हें २००६ सालीं ध्यानांत आलें. तेव्हां मूत्रपिंडांचा विकार, पूर्वीं आलेली आंकडी किंवा अशा औषधाचा झालेला त्रास, हें सारें डॉक्टरांस तपासणीच्या मेजावर चढण्यापूर्वींच सांगावें. विचारतील तेव्हां सांगूं, असें म्हणून थांबूं नये.