इथं कोण राहत होतं?

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे स्कॉटलंडला गेले होते. आम्ही दोघी तिथल्या एका सहलीच्या बसनं फिरलो. एडिंबराचा किल्ला पाहिला. काळ्या कातळावर उभा, आपल्या गडांसारखाच. मग बस उत्तरेच्या डोंगराळ मुलखात शिरली.

हिरवेगार डोंगर, चरणाऱ्या मेंढ्या, पण घर एकही नाही. मी म्हटलं, "किती शांत!" तेव्हा माहिती सांगणाऱ्या बाईंनी गवतातली दगडी जोती दाखवली. लेक मला मराठीत सांगत होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्या पाळायला कुळांना हुसकून लावलं. कितीतरी कुटुंबं बोटीनं कॅनडाला गेली. १८५४ साली ग्रीनयार्ड्समध्ये पोलीस आले, तेव्हा बायकांनी वाट अडवली. दंडुक्यांनी त्यांची डोकी फुटली. पुढे १८८६ साली कायदा झाला आणि भाडं भरणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना मनमानीनं काढता येईना.

माझं माहेर धरणात गेलंय. त्या जोत्यांपाशी माझा पाय निघेना.

दुपारी हॅगिस खाल्लं. मेंढीची कलेजी, हृदय, फोपसं बारीक करून त्यात ओटचा भरडा, कांदा नि मिरी घालतात. सोबत कुस्करलेला बटाटा. काही वाया न घालवणाऱ्या गरिबाघरचं हे जेवण आज तिथं मानानं वाढतात.

बायांनो, सहलीला गेलात तर फोटो जरूर काढा, पण इथं कोण राहत होतं, तेही विचारा. आणि आपल्या गावाची गोष्ट गटाच्या वहीत लिहून ठेवा.