इंधनाची किंमत नेमकी कोण मोजतो?

(‘महागाई आणि सामान्य माणूस’ या विषयावर एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



१२ नोव्हेंबर १९७३ रोजी जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसद भवनात आले. त्या वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले होते, तेल-उत्पादक अरब देशांनी पुरवठा आखडता घेतला होता आणि भारतात इंधनाचे दर वाढवण्यात आले होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतः घोडागाडीतून फिरून जनतेला काटकसरीचा संदेश दिला होता. घोडागाडीला बैलगाडीने दिलेले ते उत्तर होते. त्या दिवसाची छायाचित्रे पुढे अनेकदा प्रसिद्ध झाली. गंमत अशी की अलीकडच्या काळात ती काँग्रेसचे पुढारीच अधिक उत्साहाने दाखवतात.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि जनसंघाच्या जयवंतीबेन मेहता या तिघी एका व्यासपीठावर आल्या, ही त्या काळातही सहजासहजी घडणारी गोष्ट नव्हती. हातात लाटणे आणि थाळी घेऊन गृहिणी रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल यांचा हिशेब या गृहिणींना मंत्र्यांपेक्षा अधिक ठाऊक होता. जयवंतीबेन पुढे वाजपेयी सरकारात ऊर्जा राज्यमंत्री झाल्या. सांगायचे एवढेच की, महागाईच्या प्रश्नावर राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्यांची परंपरा रस्त्यावर उतरून बोलण्याची आहे. सत्ता कोणाची आहे हे पाहून गप्प बसण्याची नाही.

पेट्रोल महाग झाले की पहिली ओरड ऐकू येते ती मोटारवाल्यांची. वृत्तपत्रांतील छायाचित्रेही पंपावरच्या रांगेचीच असतात. वस्तुतः इंधनाची दरवाढ सर्वाधिक सोसतो तो माणूस बहुधा पंपावर कधी जातच नाही. त्याच्यापर्यंत ती कशी पोहोचते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याविषयी अनेक सोयीस्कर समजुती प्रचलित आहेत.

पहिली समजूत कांद्याच्या ट्रकची. डिझेल वाढले, म्हणून कांदा वाढला, असे बाजारात सर्रास सांगितले जाते. हिशेब करून पाहू. लासलगावहून दहा टन कांदा घेऊन वाशीच्या बाजार समितीत येणारा ट्रक सुमारे २४० किलोमीटर अंतर कापतो. लीटरला चार किलोमीटर धरले, तर त्याला साठ लीटर डिझेल लागते. जानेवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात मुंबईत डिझेल लीटरमागे सुमारे पस्तीस रुपयांनी वाढले. म्हणजे एका खेपेचा वाढीव खर्च २१०० रुपये. दहा हजार किलोंवर वाटला तर किलोला २१ पैसे. परतीचा प्रवास रिकामा झाला असे मानले तरी ४२ पैसे. किलोमागे निम्मा रुपयाही नाही! मग किरकोळ विक्रेत्याच्या पाटीवर एकदम पाच रुपये चढतात ते कोठून येतात?

त्याचे उत्तर महामार्गावर नाही, महामार्गाच्या दोन्ही टोकांना आहे. नांगरट, रोटावेटर, मळणी हे सारे डिझेलवर चालते आणि लहान शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने घेत असल्यामुळे वाढीव दर त्याला तात्काळ मोजावा लागतो. शेतातून बाजार समितीपर्यंतचा पिकअप, वाशीतून उपनगरातील मंडईपर्यंतचा छोटा टेम्पो, तेथून पुढची तीनचाकी, अशा छोट्या वाहनांच्या छोट्या खेपांत किलोमागचा इंधनखर्च मोठ्या ट्रकच्या कितीतरी पट पडतो. शिवाय किरकोळ बाजारात पैशांची नाणी उरलेली नाहीत. दर वाढतो तो पुढच्या पाच किंवा दहा रुपयांवर जाऊन थांबतो. डिझेल दोन रुपयांनी उतरले म्हणून पाटीवरचा आकडा खाली आल्याचे कोणी पाहिले आहे काय?

या साखळीत मधल्या सर्वांना वाढलेला खर्च पुढे ढकलता येतो. वाहतूकदार तो व्यापाऱ्याकडे ढकलतो, व्यापारी विक्रेत्याकडे, विक्रेता गिऱ्हाइकाकडे. ढकलता येत नाही तो फक्त दोघांना. एक शेतकरी, कारण लिलावात त्याच्या मालाचा भाव ट्रॅक्टरच्या भाड्यावरून ठरत नाही, आवकेवरून ठरतो. आणि दुसरा शेवटचा ग्राहक, ज्याचे वेतन महागाई भत्त्याला जोडलेले नाही. सरकारी कर्मचाऱ्याला भत्ता मिळतो, संघटित कामगाराला करार असतो. घरकाम करणाऱ्या बाईला, कंत्राटी कामगाराला, हातगाडीवाल्याला काय मिळते? बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आडगावातून रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणारा कंत्राटी तरुण दुचाकी वापरतो ती हौसेने नव्हे. त्याच्या पाळीच्या वेळी एसटी नसते. महिन्याला पंचवीस दिवस कामाचे धरले, तर हजार किलोमीटर आणि वीस लीटर पेट्रोल होते. मुंबईत जानेवारी २०२० मध्ये ८१ रुपयांच्या आत असलेले पेट्रोल नोव्हेंबर २०२१ च्या प्रारंभी ११५ च्या पुढे गेले. त्याच्या खिशातून महिन्याला सातशे रुपये अधिक गेले. याच काळात मुंबईत सहाशेच्या आत मिळणारा घरगुती सिलिंडर नऊशेच्या घरात पोहोचला आणि बहुतेक घरांचे अनुदान थांबले. एसटीने तरी जावे, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीची भाडेवाढ सतरा टक्क्यांहून अधिक झाली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी जवळपास पंधरा टक्के. गावाहून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलीचे शिक्षण अशा वेळी घरातल्या हिशेबात सर्वप्रथम येते, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

भूगोलही गरिबालाच अधिक शिक्षा करतो. महाराष्ट्रात पेट्रोल सर्वात महाग कोठे, असे विचारले तर अनेकांच्या तोंडी मलबार हिलचे नाव येईल. परंतु वर्षानुवर्षे तो मान परभणीकडे राहिला आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर चालत येतो, आणि त्याचे भाडे मराठवाड्यातील शेतकरी भरतो.

आता कराचा विषय. येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. वाजपेयी सरकारने १ एप्रिल २००२ पासून तेलाचे सरकारनियंत्रित दर संपुष्टात आणले. २००४ नंतरच्या सरकारने दर पुन्हा हाती घेतले. तोटा दिसू नये म्हणून तेल कंपन्यांना सव्वा लाख कोटींहून अधिक रकमेचे रोखे दिले, म्हणजेच त्या वेळच्या स्वस्ताईचे बिल पुढच्या पिढीच्या नावे फाडले. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, तेव्हा ५ जुलै २०१० रोजी भारत बंद झाला. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढले, तेव्हा ३१ मे रोजी पुन्हा बंद झाला. ती आंदोलने न्याय्य होती.

त्यानंतर २०१४ मध्ये सत्तांतर झाले, ऑक्टोबरात डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. दैवयोगाने आंतरराष्ट्रीय बाजारात तेल कोसळले. जून २०१४ मध्ये पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्याही खाली आले. ग्राहकाला त्याचा पूर्ण लाभ मिळाला नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रीय उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे असलेले हे शुल्क मे २०२० मध्ये अनुक्रमे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैसे झाले. २०२०-२१ या एका वर्षात पेट्रोल-डिझेलवरील केंद्रीय करांतून सुमारे पावणेचार लाख कोटी रुपये जमा झाले. आदल्या वर्षी हा आकडा सव्वादोन लाख कोटींच्या आसपास होता.

हे करोनाचे वर्ष होते, हे विसरून चालणार नाही. अन्य कर आटले होते, ऐंशी कोटी लोकांना मोफत धान्य द्यायचे होते. त्या पैशाचा विनियोग झाला, आणि रोखे काढून भविष्य गहाण टाकण्यापेक्षा रोख कर घेणे अधिक प्रामाणिक, असा युक्तिवाद होऊ शकतो. त्यात तथ्य आहे. एप्रिल-मे २०२० मध्ये तेल मातीमोल झाले असताना विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठे भरून घेण्याची दूरदृष्टीही याच सरकारने दाखवली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये उत्पादन शुल्क कमी केले गेले. युक्रेन युद्धानंतर श्रीलंकेत पंपांपुढे दिवसेंदिवस रांगा लागल्या असताना भारतात पुरवठा अखंड राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु गरिबाला मोफत धान्य देण्यासाठी लागणारा पैसा त्याच गरिबाच्या डिझेलमधून आणि पेट्रोलमधून काढणे, ही करप्रणाली अंत्योदयाच्या कसोटीला उतरते काय? प्राप्तिकर उत्पन्न पाहून लागतो. पंपावरचा कर बोईसरच्या तरुणाला आणि आलिशान मोटारीच्या मालकाला लीटरमागे सारखाच लागतो. अर्थखात्यांना तो प्रिय आहे, कारण तो चुकवता येत नाही आणि गोळा करायला कष्ट पडत नाहीत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. रांगेतील शेवटच्या माणसाकडे पाहून धोरण आखावे, हा आग्रह ज्यांनी त्यांच्याकडून घेतला त्यांनी हा प्रश्न दिल्लीला विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला कराविषयी सांगताना फुलाला धक्का न लावता मध घेणाऱ्या भुंग्याचा, आणि वासराला उपाशी न ठेवता दूध काढणाऱ्या गवळ्याचा दृष्टांत देतात. तेथे पक्षभेद सांगितलेला नाही.

राज्य सरकारेही यात निर्दोष नाहीत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळनिवारणासाठी इंधनावर लीटरमागे दोन रुपयांचा अधिभार आला. पाऊस मात्र अधिभारापेक्षा लवकर परतला. केंद्राने शुल्काचा मोठा हिस्सा उपकरांच्या रूपात घेतला, ज्यातून राज्यांना वाटा मिळत नाही; २०२१ मध्ये पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांपैकी राज्यांशी वाटून घेण्याजोगे मूळ शुल्क होते १ रुपया ४० पैसे! राज्यांनी ते कारण पुढे करून आपला मूल्यवर्धित कर सोडला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी केंद्र आणि राज्यांनी मिळून कर कमी करावेत, असे जाहीरपणे सुचवले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनऊला वस्तू आणि सेवा कर परिषदेत पेट्रोल-डिझेलचा विषय निघाला. विविध पक्षांचे अर्थमंत्री त्या बैठकीत होते, आणि ही वेळ योग्य नाही, यावर त्यांचे एकमत झाले. अन्य विषयांवर असे मतैक्य क्वचितच आढळते.

दर रोज बदलण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर लागू झाली. मात्र ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत, हाच दर समाधिस्थ होता. बाजाराचा नियम खरा असेल तर तो मतदानाच्या दिवशीही खरा असला पाहिजे.

मुळाशी असलेले दुखणे मात्र कोणत्याही एका सरकारचे नाही. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. १९७४ मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला तेव्हा आशा पल्लवित झाली होती. मागणी त्या विहिरींच्या कितीतरी पुढे निघून गेली. राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले, आणि जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. हा खरा स्वदेशी विचार होता. २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. परकीय चलन वाचले, साखर कारखान्यांना आधार मिळाला. पण दुचाकीवाल्याला प्रति लीटर अंतर थोडे कमी मिळते आणि पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरत नाही, ही तक्रार कुचेष्टेने उडवून लावण्याजोगी नाही. सोलापूर-मराठवाड्यात उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेबही कधीतरी मांडावाच लागेल. मालवाहतूक रेल्वेवर नेणे हा त्याहून सरळ उपाय आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे सुटली, भाड्यात निम्मी सवलत होती, डाळिंब-कांदा उत्पादकांनी तिचे स्वागत केले. अनुदान आटले तशा गाड्याही विरळ झाल्या.

दिल्ली आणि मुंबईकडे मागण्या करायच्याच आहेत. इंधन वस्तू आणि सेवा कराखाली आणणे ही त्यांतील पहिली. पण समाजाच्या हाती काहीच नाही असेही नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पाठोपाठ मुंबईतही ते रुजले. पाच-दहा कुटुंबांनी गट करावा, महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवावी, माल घाऊक भावाने यावा आणि एका घरी उतरून सर्वांनी वाटून घ्यावा, अशी ती साधी रचना. पन्नास घरांच्या गावासाठी तालुक्याहून एक टेम्पो येतो, तेव्हा पन्नास फेऱ्यांचे पेट्रोल वाचते आणि पाटीवरचा पाच रुपयांचा फरक घरातच राहतो. प्रत्येक नगरात, प्रत्येक वस्तीत असा एक गट या वर्षात उभा राहू शकेल काय, याची विचारणा या सभेनंतर थांबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे केली जाणार आहे.