त्या फॉर्मवर सही करण्याआधी

(पिस्कॅटवे इथल्या रविवारच्या बैठकीत एका कामगार ताईंनी केलेलं भाषण)

ड्यूटी करून आलाय, लांबण लावत नाही.

कावीळ म्हटलं की आपल्याला घाण पाणी आठवतं. 2012 साली इचलकरंजीत साथ आली ती तशीच, पाण्यातून. पण बी प्रकारची कावीळ वेगळी. ती रक्तातून येते. वापरलेली सुई बोटाला टोचली तरी पुरे. बऱ्याचदा डोळे पिवळे होतच नाहीत, आणि वर्षानुवर्षं आत लिव्हर खराब होत राहतं. गळ्यात माळ घालून ती उतरत नाही. तिला लस आहे.

माझंच सांगते. नर्सिंग होममधली पहिली नोकरी. कागदांचा गठ्ठा पुढे आला, "इथे सही करा" म्हणाले, केली. पुढे मुलीने वाचून दाखवलं: हिपॅटायटिस बीची लस मला नको, असं मीच लिहून दिलं होतं!

ओशाचा 1991 चा नियम आहे. कामात रक्ताशी संबंध येणार असेल, तर काम सुरू झाल्यापासून कामाच्या 10 दिवसांत मालकाने लस देऊ करायची. फुकट. पगारातून कापायचं नाही. एजन्सीकडून घरोघरी जाणाऱ्या बायकांनीही विचारायचं. आणि "नको"वर सही झाली असली, तरी त्याच कामावर असताना नंतर मागता येते, तेव्हाही फुकटच.

"लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" म्हणू नका. भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली 2011 च्या सुमारास. आपण त्याआधीचे. आधी रक्त तपासून घ्या, कारण लागण झालेली असेल तर लसीचा उपयोग नाही. मात्र तपासणीच्या अटीवर मालकाला लस अडवता येत नाही.

तीन डोस असतात, सहा महिन्यांत. दोन डोसचीही एक लस आहे. मध्येच गावी गेलात नि डोस चुकला, तर पहिल्यापासून नको, राहिलेला घ्या. वेअरहाऊसवाल्यांना मालक बांधील नाही, पण 19 ते 59 वयाच्या सगळ्यांनी ती घ्यावी असं 2022 पासून इथली सीडीसी सांगते. क्लिनिकमध्ये विचारा.

आणि सुई टोचलीच, तर साबण-पाण्याने धुवा, लगेच सुपरवायझरला सांगा, लिहून घ्यायला लावा. लस घेतलेली नसेल तर 24 तासांच्या आत मिळालेली बरी. शिफ्ट संपायची वाट बघू नका.

कुणी फॉर्म आणलेत का? चहा झाला की काढा, एकेक वाचू.